माळ्यावरचा संगणक

"ताई, मुलाला लॅपटॉप कुठला घेऊ?" हा प्रश्न मला आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमध्ये, शाळेच्या गेटवर, अगदी भाजी घेतानासुद्धा विचारला जातो. मी आधी एवढंच विचारते, घरात जुना आहे का? बहुतेकांकडे असतो. माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला. "आहे, पण बंद पडलाय हो." जरा खोदून विचारलं की कळतं, बंद वगैरे काही नाही. सुरू व्हायला दहा मिनिटं घेतो, म्हणून कंटाळून ठेवून दिलाय.

तो आधी खाली काढा. नवा घ्यायचं नंतर बघू.

त्या यंत्राला बहुधा काहीच झालेलं नसतं. त्याच्यावरचं ओझं वाढलेलं असतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं नियमित पाठबळ संपलं, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, ती जुन्या संगणकांत बहुतेक नसतेच. म्हणजे चालता-बोलता संगणक एका तारखेनं म्हातारा ठरला. त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाका. तो मुक्त आहे, फुकट आहे, आणि त्याचे हलके अवतार खास अशा जुन्या यंत्रांसाठीच आहेत. लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीला २ जीबी रॅम पुरते. ४ असली तर उत्तमच.

"एवढ्या जुन्या डब्यावर मूल काय शिकणार?" असं वाटत असेल तर आपल्याच राज्यातली एक गोष्ट सांगते. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. वीस-बावीस मुलं, प्रत्येकाला स्वतःचा एक. त्या लॅपटॉपचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा होता, रॅम २५६ एमबी, साठवणीला १ जीबी आणि आत लिनक्स. त्यावर ती मुलं चित्रं काढत, लिहीत, फोटो घेत. तुमच्या माळ्यावरचा संगणक याच्या कितीतरी पट ताकदीचा आहे.

आता एक रविवार काढा आणि मुलाला शेजारी बसवा. हे काम दुकानात देऊ नका, अशी माझी अगदी मनापासून विनंती आहे. प्लग काढून ठेवा, कॅबिनेटचं झाकण उघडा, मऊ ब्रशनं धूळ झाडा. रॅमची पट्टी हलकेच काढून तिचे सोनेरी दात मुलाच्या कंपासमधल्या खोडरबरनं पुसायला सांगा. कितीतरी 'बंद' संगणक एवढ्यानेच सुरू होतात. माझ्या मुलीनं चौथीत असताना हे केलं. यंत्र 'टीं' करून सुरू झालं तेव्हा ती नाचलीच. मात्र स्क्रीनवर तारीख २००९ ची. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. तारीख चुकली की धड वेबसाइटही उघडत नाहीत, हे तिला त्या दिवशी समजलं, आणि दोघी जाऊन नवा सीआर २०३२ सेल घेऊन आलो. वीजपुरवठ्याचा एसएमपीएस डबा आणि जुना डबा मॉनिटर मात्र आपण उघडायचा नाही. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर तो सुरूच करू नका. जाणकाराकडून बॅटरी आधी काढून घ्या.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लिनक्स टाकताना जुनी डिस्क पुसली जाते. पहिल्यांदा मी घाई केली, आणि माझ्या सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीचे सगळे फोटो गेले. त्यांच्याजवळ बसून मी ते सांगितलं, तो प्रसंग मला अजून आठवतो. म्हणून आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा, उतरलेले फोटो उघडून बघा, मगच पुढे.

पुढचं काम सोपं आहे. दुसऱ्या संगणकावर मिंटची फाइल उतरवायची आणि ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बूट होईल असा बनवायचा. त्यावरूनच संगणक सुरू केला की काहीही न पुसता लिनक्स चालवून बघता येतो. वाय-फाय, आवाज, प्रिंटर तेव्हाच तपासा. काही जुन्या लॅपटॉपच्या वाय-फायला वेगळा ड्रायव्हर लागतो. खर्च करायचाच तर हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी बसवा. इतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

लहानांसाठी टक्सपेंट आणि जीकॉम्प्री हे दोन प्रोग्राम टाका. टक्सपेंट मराठीतही चालतं. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ उतरवून ठेवा. किविक्स या प्रोग्रामवर मराठी विकिपीडिया नेटशिवाय वाचता येतो. पहिले काही महिने नेट नसलं तरी काही अडत नाही, उलट मूल संगणकातच रमतं. आणि मराठी टायपिंग शिकवा, इनस्क्रिप्ट कळफलकच शिकवा. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. क च्या कळीवर शिफ्ट धरलं की ख, ग वर धरलं की घ. ही जोडी लक्षात आली की मुलांना त्यात कोड्यासारखी गंमत वाटते. माझ्या मुलीनं पहिलं पत्र आजोबांना लिहिलं. 'आजोबा' हा जोडाक्षर नसलेला शब्द मुद्दाम निवडल्याचं तिनंच मला सांगितलं.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. पन्नास हजारांचा लॅपटॉप घरात आला की आपण पहिलं वाक्य बोलतो, "हात लावू नकोस, बिघडेल." या जुन्या संगणकाला ते वाक्य लागूच होत नाही. एकदा मुलीनं खालची सगळी पट्टीच उडवली. मेनू नाही, घड्याळ नाही. रडवेली होऊन आली. मी म्हटलं, "बिघडवलंस ना, आता तूच नीट कर." दोन तास लागले. मी शेजारी बसून निवडणं-टिपणं करत होते, तोंडातून शब्द काढला नाही. जमलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. मोबाइलवर मूल तासन् तास बोट फिरवतं, पण त्यातलं काही उघडून दुरुस्त करायची वेळ त्याच्यावर कधी येते का? हात लावू दिला की काय होतं ते बघा. लिनक्स ज्यानं लिहायला घेतला, तो लिनस टोरवाल्ड्स अकराएक वर्षांचा असताना आजोबांच्या व्हिक-२० संगणकावर बसायचा. आजोबा संख्याशास्त्राचे प्राध्यापक, ते आपले प्रोग्राम नातवाकडून टाइप करून घ्यायचे. १९९१ मध्ये लिनक्स आला तेव्हा तो नातू २१ वर्षांचा होता.

"शाळेत तर विंडोज आहे," असं पालक म्हणतात. बरोबर आहे. शाळेनं एखादं ठरावीक सॉफ्टवेअर सक्तीचं केलं असेल तर विंडोज ठेवा, त्यात कमीपणा नाही. काही गेमही लिनक्सवर चालत नाहीत, हे मुलाला आधीच सांगा. पण केरळमधल्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकताहेत. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही लिनक्सच आहे.

मुलाला त्याचं स्वतःचं खातं काढून द्या, पासवर्ड त्यालाच ठरवू द्या. मुख्य खात्याचा मात्र तुमच्याकडे. आमच्या घरी तो पेन ड्राइव्ह किल्ल्यांच्या खुंटीला दोऱ्यानं बांधून ठेवलाय. त्यावर चिकटपट्टी लावून मुलीनं स्केचपेननं लिहिलंय, 'बिघडलं तर'. परवा शेजारचा मुलगा तो मागायला आला होता. त्याच्या मामानं जुना लॅपटॉप दिलाय.