नवा गुडघा आणि घरातील सहा आठवडे

आमच्या अस्थिरोग विभागात गुडघ्याच्या सांधेरोपणासाठी येणारे बहुसंख्य रुग्ण साठी ओलांडलेले असतात. जिना चढवत नाही, देवळात जाता येत नाही, रात्री ठणक्याने झोप लागत नाही, अशी त्यांची गाऱ्हाणी असतात. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली की नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. उपचाराचा अर्धा भाग मात्र त्यानंतर रुग्णाच्या घरी पार पडायचा असतो. त्याविषयी चार गोष्टी येथे मांडत आहोत.

काही काळापूर्वीचा एक अनुभव प्रथम सांगितला पाहिजे. एका आजींच्या उजव्या गुडघ्यावर आम्ही शस्त्रक्रिया केली. घरी जाताना त्यांचा गुडघा ९० अंशांपर्यंत वाकत होता. मुले-सुना अत्यंत प्रेमळ. आईने आयुष्यभर कष्ट केले, आता तिला पलंगावरून उतरू द्यायचे नाही, असे त्यांनी ठरविले. गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली, जेवण हातात दिले, व्यायामाने दुखते म्हणून व्यायाम थांबविला. सहा आठवड्यांनी आजी तपासणीस आल्या तेव्हा गुडघा जेमतेम ६० अंश वाकत होता आणि पूर्ण सरळही होत नव्हता. अखेरीस भूल देऊन तो वाकवावा लागला. पुढे नेटाने व्यायाम करून आजी हिंडू-फिरू लागल्या. पण दुसऱ्यांदा भूल घेण्याचा त्रास टळू शकला असता. चूक त्या कुटुंबाची नव्हती. काय करावे हे आम्ही त्यांना सांगितले होते. का करावे हे सांगितले नव्हते.

ते 'का' असे आहे. या शस्त्रक्रियेत संपूर्ण गुडघा बदलला जात नाही. हाडांच्या टोकांचा झिजलेला पृष्ठभाग काढून त्यावर धातूचे आवरण बसवितात आणि मध्ये विशिष्ट प्लॅस्टिकची चकती ठेवतात. सांधा पहिल्या दिवसापासून भार घेण्याइतका भक्कम असतो. म्हणूनच त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकर देऊन उभे केले जाते. नाजूक असतात ते भोवतालचे स्नायू आणि ऊती. जखम भरताना आत नवे तंतू तयार होतात. सांधा हलता राहिला तर ते लवचिक राहतात. स्थिर राहिला तर आखडतात. पहिले काही आठवडे हातचे गेले की पुढे तेच काम दुप्पट कष्टाने करावे लागते.

म्हणून गुडघ्याखाली उशी नको. पाय उंच ठेवायचा असल्यास टाचेखाली घडी ठेवावी, म्हणजे गुडघा सरळ होण्यास मदत होते. दिवसातून तीन-चार वेळा तीन व्यायाम करावेत : पाऊल वर-खाली हलविणे, मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा गादीकडे दाबणे आणि टाच अंथरुणावरून मागे सरकवीत गुडघा वाकविणे. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामापूर्वी अर्धा-पाऊण तास घेतल्यास व्यायाम सुसह्य होतो. व्यायामानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा. तेलाचे मालिश व गरम शेक हे आपल्याकडील हुकमी उपाय. परंतु ताज्या जखमेवर ते वर्ज्य होत.

पुढे वॉकर सुटून काठी आली की ती शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूच्या हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, एवढे सूत्र लक्षात ठेवावे. शौचास कमोड वापरावा. उकिडवे बसणे आणि मांडी घालणे यांबाबत आपल्या शल्यचिकित्सकांचा सल्ला पाळावा. पूजेसाठी उंच पाट किंवा खुर्ची घेतल्याने भक्तीत उणेपणा येत नाही.

काही महिने सूज व ऊब राहणे, जखमेच्या बाहेरच्या बाजूस बधिरपणा वाटणे, चालताना बारीक 'टक' असा आवाज येणे, यांमुळे घाबरू नये. मात्र पोटरी दुखून सुजली, जखमेतून स्राव आला, ताप चढला किंवा गुडघ्याची वेदना व लाली वाढत गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छातीत दुखणे व धाप लागणे हे तर तातडीचे लक्षण आहे. क्षणाचाही विलंब करू नये. मधुमेही रुग्णांनी रक्तशर्करा काटेकोर सांभाळावी.

एवढी निगा राखली तर फळही मोठे असते. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार संपूर्ण सांधेरोपण झालेल्या दर दहा गुडघ्यांपैकी सुमारे आठ गुडघे २५ वर्षे टिकतात.

त्या आजींच्या अनुभवानंतर आम्ही पद्धत बदलली. रुग्णासोबत घरातील एका व्यक्तीस घरी जाण्यापूर्वी आमच्यासमोर सर्व व्यायाम करवून दाखवावे लागतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली आणि अनेक कुटुंबांना दिलासा मिळाला. परंतु वॉकर, कमोडची खुर्ची आणि व्यायामासाठी येण्या-जाण्याचा खर्च उरतोच. आपल्या घरी वापरून झालेला वॉकर कोपऱ्यात पडून असेल, तर तो आमच्या रुग्णसाहित्य केंद्रात द्यावा, ही देणगीदारांना व रुग्णांच्या कुटुंबीयांना नम्र विनंती. एकाच्या पायांनी सोडलेला आधार दुसऱ्याच्या पायांना उभे करतो.