पनवेलच्या हवेत डीएसएलआर

कॅमेऱ्याबरोबर मिळणारं माहितीपुस्तक बहुधा कोरड्या हवेतल्या माणसाने लिहिलेलं असतं. पनवेलला राहून डीएसएलआर वापरायचा, तर त्या पुस्तकात नसलेलं बरंच काही शिकावं लागतं.

१. सेकंडहँड खुशाल घ्या, पण खिशात टॉर्च ठेवा. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांचा सगळा भर आता मिररलेसवर आहे, त्यामुळे चांगले डीएसएलआर उतरत्या भावात मिळतात. हौशी माणसाला आणखी काय हवं? हार्बर लोकलने सीएसएमटीला उतरायचं, कॅमेऱ्यांच्या दुकानांचा बोरा बाजार तिथून चालत जाण्याइतका जवळ. बॉडीवरच्या ओरखड्यांकडे बघू नका, त्यांच्यावरून फक्त भाव पाडून घ्या. बघायची ती लेन्स. टॉर्चचा उजेड आरपार सोडल्यावर आत जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती बुरशी समजा आणि पुढच्या दुकानात जा. सेन्सरवरची धूळ साफ करून मिळते, पण बुरशीने काचेवरचा लेप एकदा खाल्ला की तो परत येत नाही. शटर किती वेळा उडालंय, तेही विचारा. निकॉन डी५६००सारख्या मॉडेलचं शटर १,००,००० वेळांच्या हिशेबाने तपासलेलं असतं.

२. पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत झोपवू नका. बॅगेतला फोम ओल धरतो, आणि चामड्याचं कव्हर तर त्याहून वाईट. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचं आर्द्रतामापक, एवढ्यात काम भागतं. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला की निर्धास्त. रंगीत सिलिका जेलचा रंग पालटला की ते मंद आचेवर तव्यात परतून घ्यायचं. (तवा वेगळा ठेवा, घरातल्या शांततेसाठी हे महत्त्वाचं आहे.) आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरा. बुरशीला अंधार आणि कोंडलेली हवा आवडते.

३. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा उघडू नका. थंड काचेवर लगेच धुकं धरतं. बॅग बंद ठेवून अर्धा तास थांबा, तोवर चहा होतो.

४. कर्नाळ्यात उजेड मिळेल असं गृहीत धरू नका. पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने बारा-तेरा किलोमीटर गेलं की हे अभयारण्य लागतं. १९६८ साली ते पक्ष्यांसाठी राखीव झालं. रस्त्यावर ऊन रणरणत असताना आत झाडीखाली मात्र संध्याकाळ असते. पावसाळी दिवशी ७०-३०० लेन्सच्या लांब टोकाला, एफ/५.६ वर, आयएसओ १६०० ठेवूनही शटर कधी कधी १/३० च्या पुढे सरकत नाही. लेन्समधलं स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप सांभाळतं, पण कोतवालाच्या शेपटीची हालचाल ते थांबवत नाही. म्हणून आयएसओ बेधडक ३२०० करा. फोटोत दाणे आले तर येऊ द्यात, दाणेदार कोतवाल पुसट कोतवालापेक्षा केव्हाही बरा. पक्षी मान स्थिर करतो त्या क्षणी तीन-चार फोटो सलग घ्या, त्यातला एखादा धारदार निघतो. अभयारण्यातल्या कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात, तिथे आरडाओरडा आणि सिगारेट दोन्ही नको.

५. घरट्याचा फोटो नाही मिळाला तरी चालेल. तिबोटी खंड्या हा जेमतेम तेरा सेंटिमीटरचा जांभळा-नारिंगी पक्षी पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून पिल्लं वाढवतो. बिळासमोर ट्रायपॉड लावून माणसं बसली की चोचीत सरडा धरलेला नर किंवा मादी समोरच्या फांदीवर नुसती बसून राहते, आणि आत पिल्लं उपाशी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं हे शिकारीच्या व्याख्येत बसतं. हे सांगितल्यावर बरेच जण हसतात. हसू द्यात.

६. बगळ्यावर कॅमेऱ्याचं डोकं चालत नाही. तो समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून उजेड मोजतो. आवणाच्या काळ्या चिखलात उभा पांढरा बगळा दिसला, की चिखल उजळायच्या नादात तो बगळ्याची पिसं जाळून टाकतो. एक्स्पोजर एका स्टॉपने खाली आणा आणि फोटो रॉमध्ये घ्या. याच्या उलट, ढगाळ आभाळावर बसलेला काळा कोतवाल असेल, तर एक ते दीड स्टॉप वर न्या.

७. गणपतीच्या मांडवात शटरचा वेग आवरा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १/५०० ला घेतलेल्या फोटोत मूर्तीवर आडवे काळसर पट्टे उठतात. कॅमेरा बिघडला म्हणून लोक थेट दुरुस्तीला धावतात. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवा, पट्टे जातात. आरतीच्या टाळ्या वाजवणारे हात मग जरा हललेले येतील, ते छान दिसतात.