चाक मोठे, काटा जुना

जुन्या रेनॉल्ट डस्टर मोटारीच्या टायरवर ‘२१५/६५ आर १६’ असे आकडे आढळतात. त्यांचा अर्थ आपण पाहू. टायरची रुंदी २१५ मिलिमीटर. बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ६५, म्हणजे सुमारे १४० मिलिमीटर. आणि आतील धातूच्या चाकाचा व्यास १६ इंच, म्हणजे ४०६ मिलिमीटर. बाजूची उंची वर आणि खाली अशी दोनदा मिळविली की एकूण व्यास सुमारे ६८६ मिलिमीटर येतो.

खडकाळ वाटेसाठी कोणी २१५/७० चे टायर बसविले, तर व्यास ७०७ मिलिमीटर होईल. मोटार जमिनीपासून सुमारे १ सेंटिमीटर उंच होईल, हा लाभ खरा. परंतु वेगदर्शक काटा रस्ता मोजीत नाही, चाकाचे फेरे मोजतो. दर फेऱ्यास मोटार पूर्वीपेक्षा सुमारे पावणेसात सेंटिमीटर अधिक धावते. काट्यास ते ठाऊक नसते. पूर्वी तो अचूक असेल, तर आता ६० दाखविताना खरा वेग ताशी ६२ किलोमीटर असेल. चढणीवर चाकाचा जोरही शेकडा ३ ने घटेल. वळताना टायर आतील बाजूस घासू लागला, तर तो फाटण्याचेही भय आहे.

म्हणून टायर बदलण्यापूर्वी वर्तुळाचे हे सोपे गणित आपण अवश्य करावे.