जुन्या हार्डडिस्कची दुसरी इनिंग

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या पिरंगुटच्या घरी काकांचा जुना पीसी भंगारात निघाला. मदरबोर्ड केव्हाच गेलेला. पण आतल्या ५०० जीबीच्या हार्डडिस्कमध्ये आजोबांचे भातलावणीचे व्हिडिओ होते, आणि ते दुसरीकडे कुठेच नव्हते. काकू म्हणाली, "इंजिनिअरिंगला आहेस ना, बघ की जरा!"

अशी डिस्क यूएसबीने जोडायला केसिंग मिळतं. आतला छोटा सर्किट बोर्ड डिस्कचे सिग्नल यूएसबीत बदलतो. घेण्याआधी दोन गोष्टी बघा.

१) कनेक्टर : ४० पिनांचा रुंद कनेक्टर असेल तर ती डेस्कटॉपची आयडीई डिस्क. ७ आणि १५ पिनांचे दोन चपटे कनेक्टर असतील तर साटा.

२) साइज : लॅपटॉपची २.५ इंची डिस्क ५ व्होल्टवर, म्हणजे यूएसबीच्याच पॉवरवर चालते. डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, म्हणून अ‍ॅडॉप्टरवालं केसिंग हवं. मी न मोजताच तापकीर गल्लीतून लहान केसिंग आणलं. डिस्क आत जाईना! परत पुण्याची फेरी.

डिस्क जोडल्यावर विंडोजने "फॉरमॅट करायचं का?" असं विचारलं, तर आधी 'नाही' म्हणा. 'हो' म्हटलंत तर डेटावर पाणी सोडावं लागेल. सगळ्यात आधी कॉपी करा. यूएसबी २.० चा वेग कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात साधारण निम्माच मिळतो. त्यामुळे १०० जीबीला तासभर धरून चाला. डिस्क फिरत असताना हलवू नका. 'टक् टक्' आवाज आला तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघण्यात उरलासुरला डेटाही जातो.

कॉपी झाल्यावर तब्येत तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात 'रिअ‍ॅलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरचे आकडे बघा. ते वाढत असतील तर डिस्क थकली असं समजा.

आमच्या डिस्कचे पेंडिंग सेक्टर ८ निघाले. व्हिडिओ मात्र सगळे आले. आता ते काकांच्या लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर आहेत. जुन्या डिस्कमध्ये मी फक्त सिनेमे ठेवतो, गेले तरी चालतील असे. केसिंग नवं असलं तरी आतली डिस्क जुनीच असते. त्यामुळे प्रोजेक्टची एकमेव कॉपी तिच्यावर ठेवू नका.

काकूने व्हिडिओ तीनदा बघितला. आजोबा त्यात कॅमेऱ्यालाच ओरडताहेत, "अरे, शूटिंग काय करतोस, चिखलात उतर!"