हिमउताराची पारख

प्रस्तावना

बेंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथे थंडी पडते, धुके उतरते, क्वचित गाराही पडतात; हिमवर्षाव मात्र होत नाही. तरीही दरवर्षी या शहरातून अनेक तरुण हिमालयाच्या वाटेला लागतात. कोणी गिर्यारोहणाचे शिक्षण घेण्यासाठी जातात, कोणी पदभ्रमणासाठी, तर कोणी गुलमर्ग येथे बर्फावर धावणाऱ्या वाहनातून फेरफटका मारण्यासाठी. ज्या पदार्थावर पाऊल ठेवायचे, त्याचा लहानपणापासून कसलाही अनुभव नाही, ही त्यांची मोठी अडचण असते. कोकणातील मुलाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही; जमिनीला वाफसा आला की नाही, हे शेतकऱ्याला मातीचा गोळा हातात घेताच कळते. हिमाविषयीचे असे ज्ञान मैदानी प्रदेशातील माणसाला मुद्दाम मिळवावे लागते.

उतारावर साचलेले हिम धोकादायक केव्हा होते, त्याची लक्षणे कोणती आणि पुढे जावे की मागे फिरावे हे कशाच्या आधारे ठरवतात, याची माहिती या पाठातून आपणांस होईल.

एक दुर्घटना

उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 पासून गिर्यारोहणाचे शिक्षण देत आहे. 4 ऑक्टोबर 2022 रोजी सकाळी या संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी द्रौपदी का डांडा-2 या शिखराच्या उतारावर असताना हिमस्खलन झाले. 27 जणांचे मृतदेह हाती लागले. दोघे बेपत्ता राहिले. मृतांत बेंगळुरूचे तरुण होते. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर करणाऱ्या प्रशिक्षिका सविता कंसवाल याही होत्या. म्हणजे नवशिके आणि निष्णात, दोघेही एकाच हिमाखाली गाडले गेले. गुलमर्गजवळील खिलनमर्ग येथे 8 फेब्रुवारी 2010 रोजी झालेल्या हिमस्खलनात लष्कराच्या उच्च पर्वतीय युद्धशाळेतील 17 जण मृत्युमुखी पडले. तेही बर्फाशी अपरिचित नव्हते. शारीरिक बळ, धैर्य आणि अनुभव यांची हिमउतारावर गरज असतेच. पण उतार स्थिर आहे की नाही, हे त्यांवरून ठरत नाही. ते हिमाच्या आतील रचनेवरून ठरते.

थरावर थर

दुरून पाहणाऱ्याला हिमाच्छादित उतार म्हणजे एकच पांढरी चादर वाटते. वास्तविक ती थरांची रास असते. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर पडतो. मधल्या काळात ऊन, वारा व थंडी त्या थराचे रूप पालटतात. मग त्यावर नवा थर येतो. हिवाळा संपेपर्यंत असे अनेक थर एकमेकांवर साचतात. त्यांतील काही घट्ट असतात, काही भुसभुशीत.

हिमस्खलनाचे दोन मुख्य प्रकार आहेत. सुटे, कोरडे हिम एका बिंदूपासून घसरू लागते आणि खाली येताना पसरत जाते. ज्वारीच्या राशीतून मूठभर दाणे काढले असता वरचे दाणे जसे ओघळतात, तसेच हे होते. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. त्यात हिमाचा घट्ट थर शहाबादी लादीसारखा अखंड असतो आणि त्याच्याखाली एखादा कमकुवत थर दडलेला असतो. वरून भार पडला की तो कमकुवत थर चिरडतो. ही मोड क्षणार्धात उतारभर पसरते आणि संपूर्ण लादी तुकडे होऊन खाली निघते. उतारावरील माणूस अशा वेळी बहुधा लादीच्या मध्यभागी उभा असतो. म्हणून त्याला बाजूला होण्यास अवधीच मिळत नाही.

हा कमकुवत थर कसा तयार होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. हिमाखालील जमिनीचे तापमान शून्य अंशाच्या आसपास असते. वरची हवा मात्र शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरू शकते. तापमानातील या फरकामुळे तळाकडील हिमाची वाफ होऊन ती वर सरकते व तेथे पुन्हा गोठते. त्यातून साखरेसारखे मोठे, सुटे दाणे तयार होतात. ते एकमेकांना चिकटत नाहीत. मुठीत घेऊन दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. हिमाचा थर जितका पातळ, तितका हा फरक तीव्र असतो. त्यामुळे हिवाळ्याच्या आरंभी कमी हिम पडले तर धोकाही कमी, असे मानणे चुकीचे ठरते. त्या पातळ थराचेच पुढे साखरेसारखे दाणे होतात आणि जानेवारी-फेब्रुवारीतील जड हिम त्यांवर येऊन बसते.

हिमालयात सर्वत्र सारखी स्थिती नसते. पीर पंजाल रांगेत हवा तुलनेने उबदार असून हिम मुबलक पडते. तेथील धोका बहुधा हिमवर्षावाच्या वेळी व त्यानंतरच्या थोड्या दिवसांत सर्वाधिक असतो. काराकोरमसारख्या अतिथंड, कोरड्या भागात मात्र कमकुवत थर कित्येक आठवडे तसाच टिकून राहतो. एका ठिकाणी शिकलेला नियम दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लागू करता येत नाही, तो यामुळे.

पाहावे, ऐकावे, मोजावे

सर्वांत आधी पाहावयाचा असतो तो उताराचा कोन. लादीरूपी हिमस्खलने बहुतांशी 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात. याहून कमी उतारावर हिम सहसा सरकत नाही. फारच तीव्र उतारावर ते साचत नाही, थोडे थोडे घसरून जाते. घरातील नेहमीचा जिना साधारणपणे 30 ते 35 अंशांचा असतो. जिन्याइतका किंवा त्याहून काहीसा तीव्र असा उतार संशयास्पद मानावा. कोन मोजण्याचे लहानसे साधन होकायंत्रात बसवलेले मिळते. नजरेच्या अंदाजापेक्षा ते केव्हाही बरे. मात्र स्वतः सपाटीवर उभे आहोत एवढ्याने निश्चिंत होता येत नाही. डोक्यावरचा उतार कोसळून खालच्या सपाटीवर येतो. अरुंद घळीत तर थोडे हिमही खोल साचते.

त्यानंतर हवामान. गेल्या चोवीस तासांत तीस सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक हिम पडले असेल, तर उतारावरील भार फार झपाट्याने वाढलेला असतो. वाऱ्याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. आकाश निरभ्र असतानाही वारा डोंगराच्या एका अंगाचे हिम उचलून दुसऱ्या अंगाला नेऊन टाकतो आणि तेथे काही तासांत जाड लादी तयार होते. धारेवरून पिसाऱ्यासारखे हिम उडताना दिसते, तेव्हा त्या पलीकडच्या उतारावर भर पडत आहे, असे समजावे. अचानक वाढलेली उष्णता किंवा हिमावर पडलेला पाऊस हेही धोक्याचेच.

हिम स्वतःही काही खुणा देते. शेजारच्या, त्याच दिशेच्या उतारावर ताजे हिमस्खलन झालेले दिसणे, ही सर्वांत स्पष्ट खूण. पाऊल टाकताच हिमावर लांबवर तडा जाणे ही दुसरी. तिसरी खूण कानाला कळते: पायाखालून 'धप्प' असा दबका आवाज येतो आणि हिम किंचित खचते. आतला कमकुवत थर मोडल्याचा तो आवाज असतो. तो सपाटीवर ऐकू आला म्हणजे निभावले. उतारावर आला असता तर काय झाले असते, हे सांगावयास नको. ओरडल्याने हिमकडा कोसळतो, ही समजूत चित्रपटांतून पसरली आहे. माणसाच्या आवाजात तेवढे बळ नसते. त्याच्या वजनात मात्र असते. ज्यांत माणसे सापडतात अशा दहा हिमस्खलनांपैकी सुमारे नऊ त्या माणसांच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्या भारानेच सुरू झालेली असतात, असे युरोप-अमेरिकेतील नोंदींवरून दिसते.

याशिवाय हिमात खड्डा खणून थरांची परीक्षा घेतात. खड्ड्याच्या भिंतीतून तीस सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोनी खांब सुटा करतात व त्यावर फावड्याचे पाते ठेवून हाताने थापट्या मारतात: प्रथम मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, शेवटी खांद्यातून दहा. थोड्याच थापट्यांत खांबाचा वरचा भाग सपकन सरकला, तर तो उतार सोडून द्यावा. परंतु खांब टिकला म्हणून उतार सुरक्षित, असा उलट निष्कर्ष काढता येत नाही. खड्डा त्या एका जागेचेच सांगतो. वीस पावलांवर स्थिती वेगळी असू शकते. ही परीक्षा नकार देण्यासाठी उपयोगी आहे, परवानगीसाठी नाही.

इशारा आणि त्याच्या मर्यादा

भारतात हिमस्खलनाचा शास्त्रीय अभ्यास 1969 मध्ये मनाली येथे स्थापन झालेल्या संस्थेपासून सुव्यवस्थित झाला. 2020 मध्ये ती दुसऱ्या एका संस्थेत विलीन होऊन चंदीगड येथील संरक्षण भू-माहिती संशोधन आस्थापना अस्तित्वात आली. हिवाळ्यात ही संस्था जिल्हावार इशारे देते. कोणत्या उंचीच्या वर व किती काळ धोका आहे, हे त्यांत नमूद असते. बेंगळुरूत मुख्यालय असलेल्या भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या रिसोर्ससॅट उपग्रहांच्या छायाचित्रांवरून हिमालयातील हिमाच्छादनाचा विस्तार समजतो. पण उपग्रहाला हिम कोठे आहे ते दिसते. त्याखालचा साखरेसारखा थर दिसत नाही.

28 फेब्रुवारी 2025 रोजी पहाटे बद्रीनाथजवळील माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील 54 मजूर हिमस्खलनात सापडले. 46 जणांना वाचवण्यात आले, 8 जण दगावले. चमोलीसह काही जिल्ह्यांसाठी 2,400 मीटरच्या वरच्या भागात धोका असल्याचा इशारा आदल्याच संध्याकाळी देण्यात आला होता. इशारा एका संध्याकाळचा असतो; निवाऱ्याची जागा मात्र पुष्कळ आधी निवडलेली असते. म्हणून तळ कोठे टाकावा, हा प्रश्न हिम पडण्यापूर्वीच विचारावा लागतो.

यंत्रावरचा प्रवासी

गुलमर्गच्या उतारांवर पर्यटकांना स्नोमोबाइलमधून फिरवतात. पुढे घसरपट्ट्या आणि मागे फिरता पट्टा असलेले हे वाहन सियाचीनमधील सैनिकही वापरतात. ठरावीक मार्गावरील फेरी आणि मोकळ्या डोंगरातील स्वैर भ्रमंती यांत फार मोठे अंतर आहे. अफरवट शिखराच्या परिसरात 1 फेब्रुवारी 2023 रोजी पोलंडचे दोन स्कीपटू, तर खिलनमर्ग येथे 22 फेब्रुवारी 2024 रोजी रशियाचा एक स्कीपटू हिमस्खलनात मरण पावला.

यंत्रामुळे पारख अधिक कठीण होते. पायी चालणाऱ्याला हिम पावलोपावली काही सांगत असते. यंत्रावरचा माणूस मिनिटभरात अनेक उतार मागे टाकतो. इंजिनाच्या आवाजात तो 'धप्प' बुडून जातो. वाहनाचे वजन दोनशे किलोग्रॅमच्या घरात असल्याने खोलवरचा कमकुवत थरही मोडू शकतो. यास्तव जाणकार चालक ठिकठिकाणी इंजिन बंद करतात, खाली उतरतात, हिमात पाय रोवून पाहतात. उतारावर एका वेळी एकच वाहन जाते; इतर जण उताराच्या खाली नव्हे, तर बाजूला सुरक्षित जागी थांबतात. एखाद्याचे वाहन वर रुतले, तर मदतीसाठी दुसऱ्याने तेथे वाहन नेणे अत्यंत स्वाभाविक असते. आणि त्यानेच भार दुप्पट होतो. असे करू नये, हे आधीच ठरवून ठेवावे.

शोधयंत्र, शोधकाठी आणि फावडे ही तीन साधने प्रत्येकाच्या अंगावर असावी लागतात, वाहनाला बांधलेली नव्हे. कारण हिम माणूस आणि वाहन यांना वेगळे करते. गाडल्या गेलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर तो बहुधा वाचतो. अर्धा तास उलटला की वाचण्याची शक्यता फार घटते. लांबून येणारे मदतपथक एवढ्या वेळात पोहोचत नाही. वाचवू शकतात ते सोबतीच.

याला एक विलक्षण अपवाद घडला. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचीनमधील सुमारे 19,600 फूट उंचीच्या सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळून मद्रास रेजिमेंटचे दहा सैनिक गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते, तसेच धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पद होते. डॉट व मिशा या श्वानांच्या साहाय्याने शोध घेताना सहाव्या दिवशी हनुमंतप्पा खोल बर्फाखाली जिवंत आढळले. 11 फेब्रुवारी रोजी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली.

मागे फिरण्याचा निर्णय

बेंगळुरूहून निघालेल्या माणसाजवळ सुट्टीचे मोजकेच दिवस असतात. परतीचे तिकीट काढलेले असते, पैसे भरलेले असतात, सोबत्यांसमोर माघार घेण्याचा संकोच वाटतो. पुढे गेलेल्या गटाच्या पाऊलखुणा पाहून उतार सुरक्षित असल्याचा भ्रम होतो. वस्तुतः पहिल्या चार जणांना पेलणारी लादी पाचव्याच्या पावलाखाली मोडू शकते. हिमाच्या थरांना यांपैकी कशाचीच कल्पना नसते. म्हणून अनुभवी गट निघण्यापूर्वीच, उबदार खोलीत बसून, अटी लिहून काढतात: एवढे हिम पडले तर हा मार्ग रद्द, अमुक वाजेपर्यंत खिंड गाठली नाही तर परत, गटातील एकानेही नको म्हटले तर कोणीही पुढे जाणार नाही. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण धोक्याची खूण पुष्कळदा गटातील सर्वांत नवख्या माणसाच्या नजरेस पडते आणि तो गप्प राहतो.

स्वाध्याय

1. कमी हिम पडलेला हिवाळाही धोकादायक का ठरू शकतो, ते स्पष्ट करा.
2. 'ही परीक्षा नकार देण्यासाठी उपयोगी आहे, परवानगीसाठी नाही' या विधानाचा आशय आपल्या शब्दांत लिहा.
3. आपल्या व्यवसायात किंवा गावात केवळ पाहून, ऐकून अथवा हाताने चाचपून ओळखला जाणारा एखादा धोका असेल, तर त्याचे दहा ओळींत वर्णन करा.