पावसाची भीती आणि रंगपेटी

गेल्या पावसाळ्यात एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. आभाळ भरून आले की त्याचे पोट दुखे, रात्री झोप नसे. तपासणीत काही निघाले नाही. घर नाग नदीच्या काठी. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा घरात कमरेएवढे पाणी शिरले होते.

‘‘डॉक्टरसाहेब, आता दरवर्षी असेच होणार का?’’ आईनेच विचारले. हवामान बदलते आहे, हे मी नाकारले नाही. मुलाला कागद-पेन दिले. त्याने पलंगावर बसलेली आजी आणि खाली काळे पाणी काढले. आजीची काळजी त्याने घरी कधी बोलून दाखवली नव्हती.

आपल्या नागपुरात हा उपाय जुनाच. १८८१ पासून काळी मारबत निघते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लोक महागाई, रोगराई, पुढाऱ्यांवरचा राग, सारे बडग्यांच्या रूपाने रस्त्यावर आणतात आणि शेवटी जाळतात.

मुलांना रंग द्या, विषय देऊ नका. ‘नीट काढ’ म्हणू नका. ‘हे काय आहे?’ एवढेच विचारा. मात्र पोटदुखीसोबत ताप किंवा उलट्या असतील तर आधी डॉक्टर, मग रंगपेटी. दोन आठवड्यांत झोप-भूक सुधारली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. त्यात लाज कसली?

पुढच्या खेपेस त्याने आजीच्या हाती छत्री दिली होती. पोट मात्र अजून अधूनमधून दुखते.