औषधाची ‘बहुता’ : प्रा. सेनक बिबिले यांच्या कार्याचा अभ्यास

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चतुष्पाद सांगताना उत्तम द्रव्याचे चार गुण दिले आहेत : बहुता, योग्यत्व, अनेकविध कल्पना आणि संपत्. योग्यत्वाची चर्चा आपण नेहमी करतो. बहुता, म्हणजे औषधाची विपुल उपलब्धता, हा गुण मात्र पाठांतरापुरताच उरतो. वास्तविक योग्य औषध लिहून दिले, परंतु ते रुग्णास परवडले नाही किंवा दुकानात मिळाले नाही, तर चिकित्सा तेथेच खुंटते. या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार म्हणजे औषधनीती. त्या विषयाला आयुष्य वाहिलेल्या श्रीलंकेतील एका प्राध्यापकाचे कार्य आम्ही येथे मांडीत आहोत.

अध्यापनाकडून धोरणाकडे

सेनक बिबिले (१९२०–१९७७) यांनी एडिनबरो येथे औषधशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. पुढे ते सिलोन विद्यापीठात या विषयाचे पहिले प्राध्यापक झाले. रुग्णालयांसाठी निवडक औषधांची सूची असावी आणि चिकित्सकांनी औषध मूळ नावाने लिहावे, हा आग्रह त्यांनी अध्यापनातून व नियतकालिकांतून सातत्याने धरला.

१९७१ मध्ये त्यांनी डॉ. एस. ए. विक्रमसिंघे यांच्यासह शासनास अहवाल दिला. त्याच वर्षी राज्य औषध महामंडळ स्थापन झाले व बिबिले त्याचे अध्यक्ष झाले. सुमारे २१०० औषधांची यादी छाननीनंतर सुमारे ६०० वर आली. महामंडळ जागतिक निविदा मागवून एकत्रित खरेदी करू लागले. स्वस्त औषधाचा दर्जा हलका असेल, असा आक्षेप त्या काळी जोराने घेतला गेला. १९७२ ते १९७६ या काळातील हा अनुभव त्यांनी अर्थशास्त्रज्ञ संजय लाल यांच्यासह शोधनिबंधात मांडला.

अन्य विकसनशील देशांना सल्ला देण्याच्या कामावर असताना सप्टेंबर १९७७ मध्ये गयाना येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली आदर्श सूची प्रसिद्ध केली. श्रीलंकेत सत्तांतरानंतर आयातीचे धोरण शिथिल झाले. महामंडळ मात्र टिकले.

आपल्यासाठी बोध

आधुनिक औषधांची ही व्यवस्था आयुर्वेदास जशीच्या तशी लागू होणार नाही. तरीही तीन गोष्टी घेण्याजोग्या आहेत.

१. प्रत्येक वैद्याने आपल्या रुग्णांच्या गरजेनुसार मर्यादित कल्पांची सूची करावी. औषधविक्रेत्यास ती आधी कळल्यास साठा नेमका ठेवता येतो आणि मुदत उलटून होणारी हानी टळते.

२. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात ग्रंथोक्त पाठानुसार केलेली औषधे आणि पेटंट व प्रोप्रायटरी औषधे असा भेद आहे. जेथे सितोपलादि चूर्ण किंवा त्रिफळा गुग्गुळ पुरेसे आहे, तेथे ग्रंथोक्त नावानेच लिहावे. रुग्णास निर्मात्यांच्या किमती ताडून पाहता येतात.

३. नाव एक असले तरी संपत् सर्वत्र सारखी असेलच असे नाही. म्हणून विक्रेत्याने निर्मात्याकडून चाचणी अहवाल मागावा. या दक्षतेवाचून ग्रंथोक्त नावाचा आग्रह लंगडा पडेल.

महिनाभर घ्यावयाचे औषध रुग्ण आठवड्यातच का सोडतो, याची नोंद आपल्यापैकी किती जण ठेवतात? पुढील तीन महिने ‘न परवडल्यामुळे’ आणि ‘न मिळाल्यामुळे’ असे दोन रकाने रुग्णपत्रकात वाढवावेत, अशी आमची विनंती आहे. बहुतेचा अभ्यास तेथूनच सुरू होईल.